हैबतीच्या चपला

"उद्यापासून माझ्या चपला घालून रानात जायचं," हैबतीनं बायकोला, गोदावरीला बजावलं.

सातबारा त्याचा, पण सरकारनं मातीत यंत्रं पुरल्यापासून अनुदान मिळायचं ते रानात ज्याची पावलं वाजतील त्याला. म्हणजे गोदावरीला! दिवसभर पारावर बसणाऱ्या हैबतीच्या पोटात दुखायचं.

"बरं," म्हणून तिनं हंगामभर त्याच चपला फरफटत भुईमूग खुरपला.

अनुदानाचा मेसेज पुन्हा तिच्याच फोनवर आला. हैबतीनं फोन हिसकावून वाचला: "गोदावरीबाई, यंदा तुमचं पाऊल अडखळतंय. चपला मोठ्या होत असाव्यात. मापाच्या घेण्यासाठी जादा रक्कम जमा केली आहे."

"घ्या तुमच्या," म्हणत तिनं झिजलेल्या चपला त्याच्या अनवाणी पायांपुढं ठेवल्या.