पालीची सिठणी

"पाली, तेजी आला बघ," रुपिंदरनं कोपरानं ढोसलं. "म्हणशील तर टेबल बदलू."

"कशाला? त्याच्यासाठीच तर आलेय मी," पाली म्हणाली आणि ताटलीतल्या तळलेल्या माशाकडे वळली.

पटियाल्यातल्या त्यांच्या कॉलेजचा हॉल अजून तसाच होता, फक्त पंखे नवे होते. तीस वर्षांपूर्वीच्या पोरींच्या आता मावश्या झाल्या होत्या आणि पोरांची पोटं त्यांच्या आधी टेबलाशी पोचत होती. ढोलवाला मात्र जोरात होता. दोन पेग पोटात गेले की पंजाबी माणसाला गुडघेदुखी आठवत नाही, त्यामुळे मधल्या मोकळ्या जागेत भांगडा कधीचा सुरू झाला होता.

तेजी आणि पालीची गोष्ट सगळ्या हॉलला ठाऊक होती. ती कुणी काढत नव्हतं, कारण त्या रात्री हसले सगळेच होते.

तेजिंदर सेखों दोन वर्षं पालीच्या मागे होता. आईला मागणी घालायला पाठवतो, असा शब्द त्यानं दिला होता. ती भोळी, तिनं तो खरा मानला. निरोपाच्या जेवणात पोरी गिद्धा नाचत होत्या, पाली मध्यभागी होती, आणि पोरांनी तेजीला चिडवलं, "काय मग, वरात कधी काढायची?" त्यावर साहेबांनी माइक हातात घेतला.

"नाचायला कुणीही चालते रे. सोयरीक तोलामोलाची लागते!"

पालीचा बाप हातमागावर खेस, जाड सुती चादरी, विणायचा. लेकीला न्यायला तो सायकल घेऊन आला होता आणि नेमका दारातच उभा होता. घरी जाताना तो एक शब्द बोलला नाही. पुढेही मरेपर्यंत त्यानं तो विषय काढला नाही. पालीला तेजीच्या बोलण्यापेक्षा बापाच्या त्या गप्प बसण्याचा संताप अधिक होता. तिला एकच हवं होतं. ह्याच हॉलमध्ये, ह्याच माणसांसमोर, त्याची मान खाली झालेली बघायची होती. आजवरच्या एकाही स्नेहमेळाव्याला ती आली नव्हती. आज आली.

"अगं, आणि ही मेंदी कसली या वयात?" रुपिंदरनं तिचा हात ओढला.

"लेकीनं बळंच लावली."

तेवढ्यात तेजी स्वतःच टेबलाशी आला. मिशा काळ्या केलेल्या, हातात ग्लास, मागे जुने दोन-तीन चमचे.

"सत् श्री अकाल, प्रोफेसरबाई! अजून राग आहे की काय?"

"राग कसला? किती वर्षं झाली त्याला."

"हां, हे बरं केलंस. अगं, तेव्हा पोरवय होतं." तो खुर्ची ओढून बसला. "पण बोललो ते काही खोटं नव्हतं हं. आता माझ्या अर्शचंच बघ. वकील आहे चंदिगडला. कॅनडाचं स्थळ आलंय, तीनशे ट्रक आहेत त्यांचे! पुढच्या महिन्यात साखरपुडा. याला म्हणतात तोलामोल."

"मुलाला पसंत आहे?" पालीनं विचारलं.

"मुलाला काय विचारायचंय? बापानं ठरवलं की ठरलं. थांब, दाखवतोच तुला, राजबिंडा आहे." त्यानं फोन लावला. घंटी वाजत राहिली. "सकाळपासून उचलत नाही गाढव. मित्रांबरोबर उंडारत असेल."

"असेल," पाली म्हणाली.

"ए पाली, चल की! तुझ्याशिवाय कसला गिद्धा?" मधून बायकांनी हाक मारली. बायकांनी भांगडेवाल्या पुरुषांना बाजूला सारून रिंगण धरलं होतं. पाली उठली, ओढणी कमरेला खोचली आणि सरळ मधोमध जाऊन उभी राहिली. ढोलवाल्यानं ठेका धरला. तिनं तेजीकडे बोट केलं आणि खड्या आवाजात सुरू केलं,

"मिशीला बाई तूप लावी, चूल घरी गार,
लेक मांडला बाजारी, कोण भाव देणार?"

बायकांनी शेवटची ओळ उचलली, टाळ्यांचा कडकडाट झाला. ही गिद्ध्यात म्हणतात तसली साधी दोन ओळींची बोली नव्हती, सिठणी होती. लग्नात बायका गाण्यातून मनसोक्त शिव्या घालतात, तसली. रुपिंदरनं हसू दाबायला तोंडावर ओढणी धरली. पाली थांबली नाही.

"तोलामोलाचा गडी बाई, तराजू घेऊन फिरे,
बसवला पारड्यात तेव्हा पासंगाला न पुरे!"

आता अख्खा हॉल हसत होता. तीस वर्षांपूर्वी हसले होते तेच लोक, त्याच मोकळेपणानं. पासंगाला न पुरे, पासंगाला न पुरे, असं चमचेसुद्धा म्हणायला लागले. तेजीचा चेहरा बिटासारखा लाल झाला. तो ताडकन उठला आणि हात उंचावून त्यानं ढोल बंद करायला लावला.

"बस!" तो ओरडला. "खेस विणणाऱ्यांच्या घरात रीतभात शिकवत नाहीत वाटतं!"

पाली हलली नाही. तिला धाप लागली होती, पण डोळे त्याच्यावरच होते.

"कुठली रीत, तेजी?"

"सिठणी कुणालाही म्हणायची नसते, बाई!" सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यानं आवाज चढवला. त्याला पुन्हा जोर आला होता. "मुलीची आई म्हणते ती, मुलाच्या बापाला. व्याह्याला! आणि आपण दोघं कधी झालो गं व्याही?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पालीनं कमरेची ओढणी सोडली आणि रीतीप्रमाणे डोक्यावरून घेतली.

"आज सकाळी," ती म्हणाली. "जावईबापू तुमचा फोन उचलायला घाबरतायत."