सहाची रेघ

सकाळी सहाला स्वयंपाकघराच्या दारात किल्ली फिरली आणि शेजारच्या काकू थर्मास घेऊन आत आल्या. दिवा न लावताच त्यांनी विजेची किटली उचलली, एका कपाच्या खुणेपर्यंत पाणी भरलं, बटण दाबलं. मग कुठे त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली घरची लेक दिसली.

"अगं बाई! केवढी दचकले मी! झोपली नाहीस का?"

लेकीने मान हलवली. बाबांना जाऊन तीन दिवस झाले होते आणि तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आत्या काल तोंडावर म्हणाली, पोरगी आहे की दगड! तिलाही तसंच वाटत होतं. भूक नव्हती, झोप नव्हती, काही दुखतही नव्हतं. फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. बाबा बारा दिवस दवाखान्यात होते, आणि तिला कळवलं ते सगळं संपल्यावर. बापाला आपण इतके परके झालो होतो?

बाबांचा उभा जन्म दारोदार विजेची मीटर वाचण्यात गेला. विजेच्या बाबतीत माणूस महाचिक्कू. कुणी खोलीतून उठलं की पाठोपाठ बटण बंद झालंच समजा. एकदा तर पाहुणा न्हाणीघरात असतानाच यांनी दिवा घालवला होता. लेक सौर पॅनेलच्या कंपनीत लागली, तिने स्वतः छपरावर चढून घरची पॅनेल बसवली, तेव्हाही बाबा खालून ओरडले होते, "ऊन फुकट आहे म्हणून उधळायचं नसतं हं!" मग तिने त्यांना फोनवर ॲप दाखवलं. घरात किती वीज लागते ते तिला दुसऱ्या शहरात बसून दिसणार होतं. "ही रेघ बघा, बाबा. सहाला तुम्ही किटली लावलीत की ही वर जाईल. मला कळेल, बाबा उठले." बाबा हरखून गेले. जन्मभर लोकांची मीटर वाचली, आता आपलं मीटर लेक वाचणार म्हणून आठवडाभर गल्लीत सांगत सुटले होते.

"काकू, हे काय करताय?" लेकीने विचारलं.

काकू ओशाळल्या. "काय करू गं, सवय लागली. दवाखान्यात नेताना त्यांनी किल्ली दिली माझ्या हातात. म्हणाले, रोज सहाला एक कप पाणी उकळा. रेघ दिसली नाही तर पोरगी हातातलं काम टाकून धावत येईल. पावसाच्या आत वीस छपरं उरकायचीत तिला."

"मला फोन का नाही केला?"

"मी म्हटलं की! तर म्हणाले, आवाजावरून ओळखेल ती. आणि वर मलाच तंबी, पाणी ओतून देऊ नका, घरी नेऊन तुमचा चहा करा, वीज वाया जाता कामा नये!" काकू हसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. "शुद्ध होती तोवर रोज विचारायचे, लावली का किटली? तुझा फोन आला नाही की इतके खूश व्हायचे. म्हणायचे, बघा, फसली की नाही? रेघ बघते म्हणून निवांत आहे पोरगी."

पाणी उकळलं. किटलीचं बटण टक् करून वर आलं. काकूंनी थर्मास भरला, झाकण घट्ट लावलं आणि दाराशी जाऊन थांबल्या.

"दिसत होती ना गं तुला रेघ?"

"हो काकू. रोज बघायचे."

"चला, म्हातारा सुखाने गेला म्हणायचं," काकू म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या.

लेकीने ओट्यावरचा फोन हातात घेतला. फोन नवा होता, सहा महिन्यांपूर्वीचा. रेघ दाखवणारं ॲप तिने त्यात घेतलंच नव्हतं.