वाघाचा घास

चिऊचा घास, काऊचा घास आमच्या छोट्या रेवाला चालत नाही. आधी पुस्तकातल्या वाघाला भरवायचं, मगच ती तोंड उघडते. महिन्याभरात वाघाच्या तोंडावर वरणभाताचा थर चढला आणि पुस्तक परत द्यायची वेळ आली. मी ओल्या फडक्याने पुसलं, तर मिशीच गेली.

वाचनालयातल्या दिघेबाईंसमोर मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी वाघाचं पान उघडून वास घेतला.

"तूप जरा कमी घाला," त्या म्हणाल्या. "पानं चिकटतात. मुलगी काय खात नाही?"

"भेंडी."

त्यांनी मागच्या कपाटातून हत्तीचं पुस्तक काढलं. सोंडेवर सुकलेले हिरवे डाग होते.

"हा न्या. हा खातो."