रोजची क्रियापदं

अण्णांनी वांग्याच्या रोपावर झारी तिरकी केली आणि विचारलं, "हां, बोल जर्मनमध्ये. मी काय करतोय?"

"इश... इश गी..." हर्षला अडली.

"गीसे." अण्णांनी वहीत बघून सांगितलं. तिनेच देवनागरीत लिहिलेली ती वही त्यांच्या बंडीच्या खिशात असायची. "काल तर आलं होतं गं! नर्सबाई, तिकडं पेशंट पाणी पाणी करंल आन तू आपली इश-इश करत बसशील."

कळंबच्या घरात बापलेक दोघंच राहत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, धाकटा भाऊ विपुल खोपोलीला असायचा. हर्षलाला जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरी हवी तर तिथल्या भाषेची परीक्षा द्यायला हवी. म्हणून रोज ड्यूटीआधी अर्धा तास अण्णा परसात कामं करायचे आणि त्या त्या कामाचं क्रियापद ती सांगायची. तोडणे. झाडणे. उचलणे. ती रोज कुठे ना कुठे अडखळायचीच. तयारी नाही म्हणून दोनदा तिने परीक्षा पुढे ढकलली होती.

त्या सकाळी अण्णा तीनदा बांधावर टेकले.

"बसणं झालं की, अण्णा," ती हसली.

"पक्कं करून घेतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अण्णा उठलेच नाहीत.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे उंबरावर बसून होते, खाली उतरत नव्हते. विपुल हात जोडून पुढे झाला. "अण्णा, ताई जर्मनीला जाईल. मी धाडतो तिला." एकही कावळा हलला नाही. तेव्हा विपुलला रडू फुटलं, आणि दहा दिवस दाबून ठेवलेलं तो बोलून गेला. डॉक्टरांनी अण्णांना बायपास सांगितली होती. आठ महिन्यांपूर्वी.

"घरात नर्स आहे, आणि मलाच सांगितलं नाहीत?" हर्षलाचा आवाज चढला नाही. "दोघांनी मिळून फसवलंत मला."

"शपथ घातलेली गं त्यांनी. म्हणायचे, कळलं तर ती जायची नाय. ती विमानात बसली का दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. तू परीक्षा पुढं ढकललीस का ते तारीख पुढं ढकलायचे. म्हणायचे, पोरगी अजून अडखळतेय रं."

 हर्षला पिंडासमोर जाऊन बसली. पाणी घालणे, तोडणे, झाडणे, उचलणे, बसणे. वहीतली सगळी क्रियापदं पहिल्या पानापासून तिने जर्मनमध्ये म्हटली, कुठेही न अडता. भावकी बघत राहिली.

"तुम्हाला एकटं टाकून जायचं नव्हतं, अण्णा," ती म्हणाली. "मला सगळी येत होती."