फळ्यावरची कोरी ओळ

"कॉलेजात होतीस तेव्हा रोज यायचीस, तरी फळ्यावर नाव काही लागलं नाही," अभयारण्याच्या फाटकावरचे काका हसले. "आता कडेवर पोर घेऊन काय दिसणार तुला?"

इथं पूर्वी कधी न दिसलेला प्राणी जो पहिल्यांदा पाहील, त्याचं नाव त्या फळ्यावर रंगवतात. प्राणिशास्त्र शिकताना मी त्यासाठीच दोन वर्षं झुडपं धुंडाळली होती. आज फक्त चिनूला मोकळी हवा मिळावी म्हणून आले होते.

उन्हं कलताना ओढ्याकाठी पाचोळा वाजला. साप असेल म्हणून मी चिनूला छातीशी आवळलं. वारुळामागून खवलेमांजर आलं, शेपटीवर इवलंसं पिल्लू घेऊन! मी फोटो काढला, तोच चिनू चिरकली. त्या आईनं पिल्लाला पोटाशी ओढलं आणि त्याच्याभोवती स्वतःचा घट्ट चेंडू केला.

गेल्या वर्षी एका दुर्मीळ घुबडासाठी फळ्यावर कुणाचं तरी नाव लागलं, तेव्हा कॅमेरेवाल्यांची अशी झुंबड उडाली की मादी पिल्लं टाकून निघून गेली.

"काय गं, दिसलं काही?" परतताना काकांनी विचारलं.

फोटो फोनमध्ये होता. नुसतं दाखवायचा अवकाश होता.

"मुंगूस."

"हात्तिच्या! मुंगसाला कोण रंगवतंय!"

फळ्यावर शेवटच्या नावाखाली एका ओळीची जागा कोरी होती. चिनू खांद्यावर झोपली होती. तिला ओढणीत गुंडाळून घेत, रिक्षा येईपर्यंत मी त्या जागेकडे बघत राहिले. माझं नाव तिथं अगदी नेमकं मावलं असतं.