तेवीस दिवसांची कॉइल

तेवीस दिवसांनी पुण्याहून आलेली नवी कॉइल दिगंबर मिस्त्रीनं गुरुजींच्या मोटारसायकलला बसवली, तरी गाडी ढिम्मच. तेव्हा कुठे त्यानं सीट उचलली. खाली उंदरानं कुरतडलेली वायर होती. ती जोडून त्यानं जुनीच कॉइल लावून पाहिली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

आवाज ऐकून गुरुजी लंगडत आले. डोंगरावरच्या शाळेत रोज पायी जाऊन पाय सुजले होते. "आली का एकदाची? कॉइल बैलगाडीनं निघालीय का, म्हणून रोज टोचलं तुम्हाला. राग धरू नका हो," म्हणत त्यांनी हात जोडले.

गप्प राहिलं तर झाकली मूठ राहणार होती. पण त्या हातांकडे दिगंबरला बघवेना.

"हात नका जोडू, गुरुजी. पुण्याहून काही मागवायची गरजच नव्हती. मी सीटच उचलून पाहिली नव्हती."