शेवटच्या रांगेतला कोट

म्हातारीनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि दवाखान्यातून थेट आलेली परिचारिका तिथे टेकली. शेवटच्या रांगेतली ही जागा म्हातारी तिच्यासाठी दर वेळी धरून ठेवायची. म्हातारीच्या मांडीवर नेहमीचा करडा कोट, बोटांत सुई. महाविद्यालयाच्या सभागृहात आपली कहाणी सांगायला पाहुणा वक्ता कुणीही येवो, धर्म बदललेला, बाईचा पुरुष झालेला, नाहीतर दोन्हींच्या मधे कुठेतरी सुखानं राहिलेला, तिची शिवण काही थांबत नसे.

"पुढच्या वर्षी मी नाही हं बाई," ती म्हणाली. "पुतण्या न्यायला येतोय. हातातलं तेवढं दिसतं, पण समोरच्याचे चेहरे पुसट झालेत. एकटीला राहू देत नाहीत."

आज सांगायचंच, असं परिचारिका वाटभर घोकत आली होती. ही म्हातारी तिची आई होती. कोट ज्या हरवलेल्या मुलासाठी शिवला जात होता, तो मुलगा म्हणजे तीच.

एकोणिसाव्या वर्षी त्या मुलानं घरात सांगितलं होतं, मी मुलगी आहे. बापानं दार दाखवलं. आईनं शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. पुढे ज्यांनी आसरा दिला त्यांचा धर्म त्या मुलीनं मनापासून घेतला. डोक्याला रुमाल आला. नाव, आवाज, चेहरा, सगळं बदललं. आणि केस पिकायला लागल्यावर एके दिवशी या सभागृहात आई दिसली, तेव्हा परिचारिकेच्या तोंडून एवढंच निघालं, "इथे कुणी बसलंय का?"

आईनं तिच्या खांद्यांकडे पाहिलं. शिंपिणीची सवय ती. मग पिशवी उचलली.

तेव्हापासून दोघी मुलाबद्दल बोलत. तो किती हट्टी होता, कोटाची बटणं नेहमी वरून लावायला घ्यायचा आणि शेवटी एक उरलं की भोकाड पसरायचा. परिचारिका ऐकताना हसायची. रडायचं ते घरी जाऊन.

खुर्च्या मांडणारी चष्मिस पोरगी म्हातारीची थट्टा करायची. आजी, तुमचा कोट आणि माझी पदवी, आधी काय पुरं होतंय बघू. म्हातारी म्हणे, माझं काम चालू तरी आहे. एवढी मोठी कॉलर कशाला, असं त्या पोरीनं विचारलं, तर म्हणाली, इतक्या वर्षांत मान जाड झाली असेल त्याची. बटणांच्या काजांचंही म्हातारीनंच सांगितलं होतं. पुरुषाची डाव्या बाजूला, बाईची उजव्या. उभा जन्म शिवणात गेला, पण त्यात हात कधी चुकला नाही.

आजचा वक्ता घर, देव आणि नाव, तिन्ही मागे टाकून आलेला होता. प्रश्नांची वेळ झाली तशी म्हातारी उभी राहिली. तिचा प्रश्न ठरलेला असे.

"परत गेला असतात, तर दारात काय ऐकायला आवडलं असतं?"

बाकीचे वक्ते यावर माफीबद्दल, प्रेमाबद्दल बोलत. हा व्यासपीठाच्या कडेला आला.

"खास काही नाही, आजी. मी कालच बाहेर पडलो होतो असं समजून कुणीतरी रागवायला हवं होतं."

म्हातारी खाली बसली. तिनं दातानं दोरा तोडला.

सभागृह रिकामं झालं. परिचारिकेनं तोंड उघडलं, तोच म्हातारीनं कोटाची घडी तिच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही येत राहाल इथे. तो आला तर द्या."

"आणि तो आता तसा राहिला नसेल तर?"

"माप नजरेनंच घेतलंय. घालून बघू दे."

म्हातारी काठी टेकत दाराकडे निघाली. परिचारिकेनं कोट तोंडाशी धरला. मशीनच्या तेलाचा तोच जुना वास. एकदाच, निदान एकदा अंगावर घ्यावा म्हणून तिनं बाह्यांत हात घातले.

खांद्यांवर एकही सुरकुती पडली नाही. कॉलर रुमालावरून अलगद बसली. तिचा हात बटणांकडे गेला आणि तिथेच थबकला.

काजं उजव्या बाजूला होती.

तिनं वरून एकेक बटण लावलं. सगळ्यात खाली एक उरलं.

तिनं मान वर केली. म्हातारी दारातून हललेली नव्हती.

"खालून लाव म्हणून किती वेळा सांगायचं गं तुला?"